तहकूब हक्कांचा तास

आणीबाणीतलं सांगतो. नाशिकला मी ज्या शाळेत शिक्षक होतो, तिथं सोनवणे सर नागरिकशास्त्र शिकवायचे. चौकात सरकारविरुद्ध बोलले, म्हणून त्यांना धरायला हवालदार थेट वर्गावर आला. सर म्हणाले, "एवढा मूलभूत हक्कांचा धडा संपू द्या." हवालदार मागच्या बाकावर बसून ऐकत राहिला.

पुढचा तास माझा, म्हणून मी दारातच होतो. घंटा झाल्यावर हवालदारानं हळूच विचारलं, "सर, हे हक्क आत्ता चालू हायेत?"

"नाही. सध्या तहकूब आहेत."

"म्हंजे तुम्हाला आत टाकलं, तर कोर्टात दाद नाय?"

"नाही."

त्यानं हातातली टोपी डोक्यावर चढवली.

"मग आधी घरी जाऊन पोटभर जेवा, वहिनींना नीट सांगा. तुम्ही मला संध्याकाळीच सापडलात."