वरच्या शेताची माती

तेजल : ...बूड कापलेला डबा मातीत ठोकायचा आणि पाणी ओतायचं, एवढंच. शाळेत बाईंनी दाखवलं. मोहाच्या झाडाखाली, जिथे जेसीबी गेला नव्हता, तिथे मी पन्नास मोजायच्या आत तांब्याभर पाणी मुरलं. आणि आपल्या वरच्या शेतात, बाबा, मी विहिरीवरून हंडा भरून आले तरी डब्यात पाणी तसंच.

कमलेश : पावसाळ्यात जमीन भिजलेलीच असते.

तेजल : मोहाखालची काय कोरडी होती? पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला ना.

कमलेश : हळू बोल. ताय आत बोचकं बांधते.

तेजल : तिलाच सांगायला आलेय मी. पूर आल्यापासून आत्या पाडाभर सांगत फिरते, की तिचंच चुकलं. ती वीटभट्टीवर कामाला गेली, कणसरीची, धान्याच्या देवीची, पूजा राहिली, म्हणून ओहळ तिच्या शेतात शिरला. झोपडी गेली, लावलेला भात रेतीखाली गेला. आता शेत टाकून बोईसरला निघालीय, सरावलीत खोली घेऊन राहणार म्हणे. आणि तू जेवताना मान हलवतोस, देवीचंच असंल म्हणून.

कमलेश : मग काय बोलू?

तेजल : खरं बोल. भट्टीवाल्याने आपल्या शेताची फूटभर माती खरवडून नेली. बांध मोडले. खाली राहिला तो दगडासारखा मुरूम, त्यात पाऊस मुरणार कसा? सगळा एका दमात ओहळात उतरला.

कमलेश : एकट्या माझ्या शेतानं ओहळ फुगतो काय? झिपरूकाकानं दिली, विश्रामनं दिली.

तेजल : सात शेतं आहेत, मी बघून आले. पण आत्याच्या शेताच्या अगदी वर आपलंच आहे.

कमलेश : भट्टीवाला बोलला, शेत सपाट करून देतो, ट्रॅक्टर फिरंल. वर घराला विटा देतो. माती काय, नदी दरसाल नवी आणून टाकते, असं बोलला. मला पटलं.

तेजल : आपलं शेत टेकाडावर आहे, बाबा. तिथे नदी कुठल्या जिन्याने चढणार होती?

कमलेश : मागच्या पावसात कुडाच्या घरात रातभर गळतीखाली टोप घेऊन बसलेलीस, ते इसरलीस. आता पक्क्या भिंतीला टेकून शिकवतेस मला.

(ठकी बोचकं घेऊन दारात येते.)

ठकी : भांडता कशाला? मी निघते. दुपारची जीप गेली तर मग संध्याकाळपर्यंत नाय.

तेजल : आत्या, बस जरा. तुझं काहीच चुकलेलं नाही.

कमलेश : तेजल.

तेजल : शाळेत हे सांगताना मी कुणाच्या शेताचं नाव घेणार नाही, तू सांगितलंस तसं. पण आत्यापासून लपवणार नाही. आत्या, ते पाणी...

ठकी : वरच्या शेतातून आलं. म्हाईत हाय मला.

तेजल : कुणी सांगितलं?

ठकी : कोण सांगंल? भट्टीवर माती माझ्याच म्होरं ओतली. विटांचा गारा मळताना हाताला काळी राख लागली. आपण राब भाजतो ना, भाताचं बी पेरायच्या आधी, पालापाचोळा पेटवून, तीच. आय आन मी डोक्यावर पाला वाहून ती जमीन भाजलेली, तुज्या बाबाचं दूध पण सुटलं नव्हतं तवा. हाताला कळतं.

कमलेश : मग कणसरीचं काय सांगत होतीस पाड्यात?

ठकी : लोक इचारतात, पाणी आलं कुठून. कायतरी सांगाया लागतं. तुजं नाव घेऊ?

तेजल : आणि तुझं शेत?

ठकी : रेती कोण काढंल, पोरी? पाड्यातल्या चंद्रकांताची सून सरावलीत हाय, ती बोलली, कंपनीत झाडूचं काम मिळंल.

कमलेश : तवाच का नाय बोललीस, ताय? अर्धी माती शेतातच होती. मी गाडी थांबवली असती.

ठकी : बोलनारच होते. त्याच दिशी तू भट्टीवर आलास. मी थापलेली एक वीट उचललीस, बोटानं वाजवून बघितलीस आन हसलास. मला वाटलं, एकाचं तरी घर पक्कं होऊ दे.