लाल कार्डाचे पिंजरे

—नाही नाही, पिंजरा राहू द्या ताई, आधी कार्ड वाचा. सोमवारपासून हे सगळं तुम्हीच बघणार, म्हणून सांगते. उंदरांची पिल्लं एकवीस दिवसांची झाली की आईपासून वेगळी करायची, कानाचा बारीकसा तुकडा तपासणीला द्यायचा. साधारण निम्म्यांत निघतो काळजाचा दोष. लाल कार्ड त्यांचं. दिसायला? दिसायला काही कळत नाही हो, सगळी सारखीच हुंदडतात—लाल कार्डाची जरा जास्तच, असं मला आपलं वाटतं. मोठी झाली की शेजारच्या खोलीत न्यायची, छातीला तारा लावायच्या आणि अचानक घंटा वाजवायची. मग—मग काय, काहींचं काळीज जागच्या जागी थांबतं. घंटा मी वाजवते. अकरा वर्षं मीच.

दोष आला कुठून म्हणता? माणसातून. इथल्या डॉक्टरांना एका बाईच्या रक्तात सापडला, तोच हुबेहूब उंदरांत घातला. ती बाई म्हणजे—अहो, मीच. चक्कर येते म्हणून पेशंट होऊन आले, ती नोकरीलाच राहिले. इथले चेष्टा करतात, म्हणतात, बाई आपलं माहेर सांभाळतात. करू देत.

घरात आणखी कुणाला? धाकट्या भावाला असणार. सात वर्षांचा होता, मी नऊची. गेला. तापात गेला, असंच सांगतात सगळे. ताप कसला, ताई! मी दारामागे लपले होते. तो दुधाचा पेला घेऊन आला आणि मी—गंमत म्हणून हो—'भॉक' केलं. पेला पडला, तोही पडला. मला वाटलं, सोंग करतोय. मी टाळ्या पिटत राहिले. किती वेळ, कोण जाणे.

हे मी—कुणाला सांगत नाही मी हे. मला तरी कुठे कळलं होतं? इथे पहिल्यांदा घंटा वाजवली, उंदीर कलंडला, तेव्हा कळलं. तरी वाजवत राहिले. औषध सापडायला हवं होतं ना! सापडलं. मागच्या महिन्यात औषध दिलेले अठरा उंदीर, घंटा वाजली, अठराही पायांवर उभे. मी तडक आईकडे गेले. म्हटलं, आई, त्याच्या काळजातच खोट होती गं. आणि दारामागचंही सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती, हात काही थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "माहीत आहे. मी तुझ्या मागेच उभी होते. तापाचं मीच सांगितलं सगळ्यांना."

बत्तीस वर्षं, ताई! बत्तीस वर्षं ती मला जेवायला वाढत होती, माझी वेणी घालत होती आणि—

हातमोजे तिथे टाका. नाही, काही झालं नाही. तुम्ही निघा आता.