आराम करा म्हणणारे लोक

माहं नाव हसीनाबी. माहेर लोणारचं. लोक तठी दूरदुरून तलाव पाह्यले येतेत, आमी त्याच्या काठाले बकऱ्या चारल्या आन् पायात काटे मोडून घेतले, मले तर त्याच्यात पाह्यण्यासारखं काई दिसलं नाई. मंग लगन होऊन अठी डोणगावले आली. मालक मनियार होते, बांगड्या भरायचा धंदा. ते गेले तवा मी चाळिशीची बी नव्हती. चार दिवस सोयरे रडले, पाचव्या दिवशी जो तो आपल्या घरी. मी टोपली डोक्यावर घेतली आन् गावंच्या गावं फिरली, एवढी वर्षं फिरली, कोणाच्या दारात बसून दोन घास फुकट खाल्ले नाई. काय सांगू तुमाले, या पायाइनं माहं घर चालवलं.

आन् तेच पाय न्हाणीत घसरले. एवढी रानोमाळ हिंडली तं काई झालं नाई, आन् पडली कुठी, तं आपल्याच घरच्या फरशीवर. खुबा मोडला. माहा देवर रशीद, त्याले गावात लय अक्कलवान समजतेत, म्हणजे तो स्वतःच समजते, तो म्हणे भाभी, दवाखान्यात नोको नेऊ, कापाकापी करतेत, मी हाडाचा माणूस आणतो, नुसत्या हातानं हाड बसवते तो. त्याचा माणूस कोण्या गावाले गेला होता. दोन दिवस मी चटईवर पडून, आन् हा चहा पिऊन राह्यला. तिसऱ्या दिवशी माहा पोरगा सलीम, त्याले उशिरा का होईना समजलं, त्यानं गाडी करून अकोल्याले नेलं. तठी मोठ्या डॉक्टरनं खुब्याचा गोळा काढून नवा बसवला. आपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तर मले वॉकर धरून उभं बी केलं. सुट्टी देताना सांगतलं, रोज चालवा, खाली मांडी घालून बसू देऊ नोका. सलीमनं सारं ऐकलं, हाव हाव म्हणला, आन् घरी आणून मले मागच्या खोलीत खाटीवर टाकलं, वॉकर दाराच्या मागं उभा केला. अम्मी, तुमी लय केलं, आता आराम करा.

आराम. या शब्दाचा मले असा राग आहे. मंग पाह्यणारे सुरू झाले. बिस्किटाचा पुडा घेऊन येत, त्यातले अर्धे आपणच खात, आन् खाटीजवळ बसून कोणाचा खुबा मोडल्यावर कोण किती दिवसात गेलं ते मोजत. एक जण म्हणे या उमरीत हाड जुडत नाई. दुसरी म्हणे नमाजचं कसं करतेत हो आता. एकीनं तर सुनेले विचारलं, माहासमोर, की तिच्या टोपलीतल्या बांगड्याचं काय करणार. मी मेली नव्हती बाप्पा, ऐकून राह्यली होती. एवढ्या लोकाइत एकानं बी मले कुशीवर वळवलं नाई. सून शबाना चांगली, पण तिले हात लावाची भीती, गोळा निखळला तं काय. कसं वळवाचं ते तिले कोणं सांगतलंच नव्हतं.

पंधराएक दिवसानं उपकेंद्राची सिस्टर आली, वैशाली नाव. वाळकी, उन्हानं काळी पडलेली, आन् तोंड असं की मिरची बरी. तिले अकोल्यावरून कागद आला होता म्हणे. आल्या आल्या तिनं मले कुशीवर वळवलं आन् पाठ पाह्यली. कंबरेच्या खाली कातडी सोलून जखम झाली होती, मलेच ठाऊक नव्हतं. सलीमले बोलावलं आन् म्हणे, हे आराम आहे का, तुमची माय सडून राह्यली खाटीवर. मले मनातून बरं वाटलं, खोटं काऊन सांगू.

ती एक दिवसाआड येऊ लागली. जखम धुवायची, पट्टी करायची. शबानाले शिकवलं, दर दोन तासानं कुशीवर कसं करायचं, दोन पायाच्या मधात उशी कशी ठेवायची. मले ती खाला म्हणे, म्हणजे मावशी. म्हणे खाला, पंजा वर, पंजा खाली, गुडघा दाबा, दहा दा. मी म्हणलं तुह्या बापानं केलं होतं का दहा दा. ती म्हणे बापाचं मंग पाहू, सहा झाले, चार राह्यले. मी तिले काय काय नाई बोलली, आज आठवलं तं लाज वाटते. तिनं एक बी दिवस गोड बोलून पाह्यलं नाई. गोड बोलणारे मले बक्कळ होते. वॉकर दाराच्या मागून काढला, मले उभं केलं, मी ओरडली, बसतो म्हणलं. ती म्हणे बसा, मी सांगते सलीमभाईले, अम्मीले कायमचं खाटीवरच ठेवा. मी नाई बसली. चार पावलं गेली त्या दिवशी.

आन् तवाच रशीद आपला हाडाचा माणूस घेऊन आला. तेलाची बाटली, मळकी पट्टी. म्हणे भाभी, पाय थोडा वढून मालिश केली की आठ दिवसात पळान. त्या माणसानं पायाले हात घातला. सिस्टरनं मले सांगून ठेवलं होतं, कोणं पाय वढला, मुरगळला, तं गोळा निखळन आन् पुन्हा कापा लागन. घरात सलीम नाई, सिस्टरचा तो दिवस नाई, शबाना चुलतसासऱ्यासमोर बोलत नाई. मी म्हणलं हात काढ. रशीद हासला, म्हणे बायकाइले भीती वाटते. मले एवढा संताप आला, एवढा, की मी वॉकर वढला आन् उठली, कोणाचा हात नाई, काई नाई, खाटीपासून ओट्यापर्यंत गेली आन् तठून म्हणलं, रशीद, मी घराच्या भायेर चालत आली, आता तू बी ये. दोघं गेले. बाटली इसरले, ती शबानानं उकिरड्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरले सारं मोठ्या तोऱ्यात सांगतलं. ती म्हणे चालून दाखवा. पाह्यलं आन् म्हणे, डावा पाय फेकता, सरळ टाका. बस, एवढीच शाबासकी.

आता जखम भरली. वॉकर गेला, काठी आली. खाली बसता येत नाई, म्हणून ओट्यावर खुर्ची टाकून बांगड्या भरतो आमी, मी आन् शबाना, गिऱ्हाईक घरी येते. ते बिस्किटवाले बी येतेत, म्हणतेत आमची दुवा लागली. लागली असन.

सिस्टरची बदली झाली संग्रामपूरकडे. जायच्या आधी येऊन म्हणे खाला, मागच्या गल्लीत गुंफाबाईच्या गुडघ्याचं आपरेशन झालं, पडून आहे, नवीन सिस्टर येईस्तोवर तिले उठवा. गुंफाबाईचं आन् माहं नळावरून वीस वर्षाचं भांडण. तरी जातो रोज, काठी टेकत. दवाखान्यानं तिले दिलेला कागद तिच्या सुनेकून वाचून घेतो, तेवढंच करवतो, माहं डोकं चालवत नाई. ती रडते, मले शिव्या देते, म्हणते तू माह्या जिवावर उठली. मी म्हणतो हाव, सात झाले, तीन राह्यले.

अल्ला त्या वैशालीले सलामत ठेवो, तिच्या जिभेसकट. काल गुंफाबाई दारापर्यंत आली. पाय फेकते अजून.