नाव एक, डिस्क दोन

आदरणीय अध्यक्ष अप्पासाहेब, प्रमुख पाहुणे शार्दूलजी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या मनोरमाताई, आणि ड्यूटी बदलून आलेले रुग्णालयातले सहकारी, सर्वांना नमस्कार.

ताई सर्व्हर सांभाळायच्या म्हणजे नेमकं काय करायच्या, हे किती जणांना माहीत आहे? आपल्या दोन्ही सर्व्हरना त्याच डिस्क जोडलेल्या आहेत. प्रत्येक सर्व्हर चालू झाला की त्याला ज्या क्रमानं डिस्क सापडतील, त्या क्रमानं त्यांना 'ए', 'बी', 'सी' म्हणतो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी बाकाच्या नंबरानं हाक मारत. दुसऱ्या बाकावरचा आला नाही की तिसरा पुढे सरके, आणि त्याच्या वाटच्या छड्या खाई. तसंच हे.

एकदा वीज गेली, आली. आयटी प्रमुख यशवर्धनजी दुसऱ्या सर्व्हरवर बसून नवी, कोरी 'सी' फॉरमॅट करायला, म्हणजे पुसून तयार करायला निघाले. ताई म्हणाल्या, "थांबा. तुमची कोरी डिस्क 'सी' आहे ती पहिल्या सर्व्हरवर. इथल्या 'सी'त पेशंटचे रिपोर्ट आहेत."

"अहो ताई, नाव तर तेच आहे ना?"

"नाव तेच आहे. डिस्क ती नाही."

देवाची नावं हजार, देव एक. इथं उलटं. मग ताईंनी प्रत्येक डिस्कला तिच्या सिरियल नंबरवरून कायमचं नाव दिलं, दोन्हीकडे एकच.

यशवर्धनजींनी तेव्हा फार कौतुक केलं. ताईंची निवृत्ती ठरताच मात्र ती नावं काढायचा प्रस्ताव तयार केला. मला म्हणाले, "छोटा नाम अच्छा रहता है, भिया. ताईंनंतर ही झंझट कोण करणार?" सोमवारी तो अप्पासाहेबांपुढे यायचा होता. म्हणजे आज मानपत्र, सोमवारी पुसापुशी. औचित्य म्हणतात ते हेच असावं.

मघाशी परमेश्वरानं स्वतःच लक्ष घातलं. शाल दुसऱ्या खुर्चीला घालायची ठरली होती. शार्दूलजींना उकडत होतं, म्हणून ताईंनी पंख्याखालची आपली खुर्ची त्यांना दिली. यशवर्धनजी मागून आले, खुर्च्या मोजल्या आणि शाल पांघरली. "कर्तव्यदक्ष भगिनी" हे शब्द शार्दूलजींनी शांतपणे ऐकून घेतले. आपण टाळ्याही वाजवल्या.

शाल योग्य खांद्यावर नेताना यशवर्धनजी माझ्या कानाशी थबकले. "भिया, सोमवारचा कागद मागे घेतो. ताईंची नावं राहू द्या."

हे जाहीर करा, असं ते म्हणाले नव्हते. पण अध्यक्षांसमोर बोललेलं सहसा पुसलं जात नाही.

ताईंना उदंड आयुष्य लाभो. आपण ऐकून घेतलंत, आभार. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. यशवर्धनजी, आपणही.