उचलेल त्याची गाडी

दोनशे किलोच्या मोटरसायकलचा शेखरला फायदा एकच होता: ग्रुपच्या फोटोत मधोमध उभं राहायचं. नाशिकच्या शोरूममध्ये स्कूटरच्या सर्व्हिसिंगसाठी बसलेल्या लंकाबाईंना हे पाच मिनिटांत कळलं, कारण बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको चैताली आवाज अजिबात दाबत नव्हती.

"हिमाचलात स्पितीपर्यंत आळीपाळीनं चालवायचं ठरलंय ना? मग ती हलकी घे."

"ती सायकल वाटते गं. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे मोठ्या आहेत."

"मागच्या वर्षी साल्हेरच्या खडीवर तुझी मोठी गाडी पडून माझ्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा तो ग्रुप पुढं मिसळ खात होता!"

"मी होतो ना?"

"होतास. दोनदा जोर लावलास आणि रेंज शोधायला टेकाडावर गेलास. शेवटी कांद्याच्या पिकअपवाल्यानं उचलली."

"लोक ऐकताहेत, चैताली."

"ऐकू देत!" ती सेल्समनकडे वळली. "दादा, ही डेमोची मोठी गाडी आडवी पाडा. यानं एकट्यानं उभी केली, तर आत्ता हीच बुक करा."

"पाडतो मॅडम, खाली गादी टाकतो."

"अरे थांबा! माझ्या कमरेत उसण भरलीय."

"कधी?"

"आत्ताच."

लंकाबाईंनी पर्समधून बाम काढून पुढे केला. तो कुणी घेतला नाही.

"दादा, हलकी बुक करा. माझ्या नावावर."

"आणि मी?"

"तू ये ग्रुपबरोबर. गाडी तुझी, ग्रुप तुझा, फोटो तुझा. रॉड तेवढा माझ्या पायात!"