कोटाला सुरकुती नाही

...आणि मी म्हणतो, सातव्या मजल्यावरून उडी मारलीस, मार बाबा, नदीत पडलास, पड, पण बाहेर येतोस तर कोटाला एक सुरकुती नाही? तुम्हाला सांगतो, मी शिंपी आहे, कोट शिवून शिवून माझी मान वाकडी झालीये, आमचं गिऱ्हाईक नुसतं खुर्चीत बसून उठलं तरी मागून चुरगळलेलं दिसतं, आणि हा गुप्तहेर आगगाडीच्या टपावर मारामारी करून थेट मेजवानीला जातो!

एक सिनेमा असता तर सोसला असता हो, पण ही आख्खी मालिका, वीस-बावीस तरी असतील, माझ्या जन्माआधीपासून चाललीये. हिरो बदलतात, गाड्या बदलतात, खलनायक मात्र दरवेळी त्याला बांधून ठेवतो, आपला बेत सविस्तर समजावून सांगतो आणि गोळी न घालता निघून जातो. अरे, घाल की! आम्ही तरी सुटू!

आता मला कुणी बांधलं होतं? प्रेमानं. जिच्याशी लग्न करायचं, त्या हिनं सांगितलेलं, बाबांचा त्या सिनेमांवर जीव आहे, दर रविवारी त्यांच्याजवळ बसून एकेक बघ, सगळे संपेपर्यंत ते लग्नाला हो म्हणतील. म्हणजे माझं लग्न त्या गुप्तहेराच्या हातात! बसलो.

हिचे बाबा काचवाले. दुकानांना, खिडक्यांना काचा बसवतात, बोलणं कमी. कपाटावरचा तो डीव्हीडींचा संच त्यांनी खाली काढला, तेव्हा वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती, पण मी आपला कॉलर सारखी करण्यात दंग.

आणि माणूस काय रंगून बघायचा! गुप्तहेर खिडकी फोडून आत आला, की बाबा "अरेरेरे..." करून मांडीवर हात मारायचे. त्या सिनेमांत सरळ दारातून येणं कुणाला ठाऊकच नाही, त्यामुळे घटकेघटकेला अरेरे. मला वाटायचं, केवढा हा जिव्हाळा! इकडे तो कोटासकट चिखलात लोळला, की माझ्या तोंडून "आई गं..." निघायचं. ते माझ्याकडे बघून मान डोलवायचे, मी त्यांच्याकडे बघून. असे रविवारामागून रविवार गेले, मित्रांनी माझा नाद सोडला, आणि कोटाला सुरकुती नाही!

शेवटचा सिनेमा, शेवटची मारामारी, भलाथोरला काचेचा मनोरा, त्यात हेलिकॉप्टर घुसणार एवढ्यात... चित्र थांबलं. डीव्हीडी अडकली.

बाबांनी ती काढून पुसली, पुन्हा लावली, पुन्हा तिथेच अडकली. मला म्हणाले, तुमचा फार विरस झाला असेल. मी म्हटलं, छे छे, तुमचाच. ते म्हणाले, पोरगी म्हणाली तुमचा त्यांवर जीव आहे, म्हणून मी आपला तुमच्यासाठी बसत होतो... मी म्हटलं, अहो, मी तुमच्यासाठी! मग ते अरेरे?

"तेवढ्या काचा बसवायला माझी माणसं आठवडाभर राबली असती हो. आणि तुमचं ते आई गं?"

"कोटाचं अस्तर..." मी म्हटलं.

आणि मग काय हलकं वाटलं म्हणून सांगू! घट्ट बूट काढल्यावर पाय कसे सुटतात, तसं. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि म्हणाले, "एवढा कंटाळा गपचूप सोसलास? माझ्या पोरीसाठी? संसार करशील तू. लग्न पक्कं."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाले हो. म्हटलं, सुटलो एकदाचा.

तेवढ्यात हात पुसत हिची आई बाहेर आली. म्हणाली, "संपले का? मला मेलीला कामातून अर्धेअर्धेच बघायला मिळाले, तेही दारातून. काय छान असतो तो! आता जावई घरचेच झाले, पुढच्या रविवारपासून सगळे मिळून पहिल्यापासून लावू."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला, पण बायकोपुढे एक शब्द काढला नाही. संसार कसा करतात तेही कळलं.

काल पहिला लावला. उडी झाली, नदी झाली, आणि कोटाला... छे हो. कुठली?