बर्फावरचं सैन्य आणि दाराबाहेरचा मी

...आणि मला म्हणतो, "दौलत, बॅक." म्हणजे मागे सरक. सरकलो. "मोअर बॅक." अजून सरकलो. पाठ दाराला टेकली तरी याचा हात हलतोच आहे, टेम्पो रिव्हर्स घेतल्यासारखा... आता तुम्हीच सांगा, देवाने आवाज दिलाय तो काय खिशात ठेवायला?

नाही, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, त्याशिवाय माझा संताप कळायचा नाही. मी गुहागरचा, इथे सौदीत जुबैलला फॅब्रिकेटर, अकरा वर्षं झाली. गावात गणपतीच्या आरतीला शेवटची ओळ ताणायची ती मीच. बाकीच्यांचा दम संपायचा, झांजवाल्यांचे हात भरून यायचे आणि मी आपला चालूच... आणि इथे कॅम्पात? खोलीत माझ्यासोबत रोशन, कायमचा नाईट शिफ्टवाला, दिवसभर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला. जरा गुणगुणलो की पांघरुणातून येतं, "दौलतदादा, हळू." अकरा वर्षं मी हळू आहे, कळतंय का तुम्हाला?

तर हा युक्का. फिनलंडचा इंजिनीअर, आमच्या प्लांटवर कॉम्प्रेसर चालू करून द्यायला आलेला. दिवसाला पाच शब्द बोलणार, त्यातले दोन 'ओके'. आणि हाच माणूस तिकडे बँडमध्ये पॉवर मेटल वाजवतो, बसेल विश्वास? राजे, तलवारी, ड्रॅगन आणि गिटार अशी पळते की कुत्रं मागे लागलंय. त्यांचा नवा अल्बम चाललेला. ड्रमवाल्याने तिकडे वाजवून ठेवलेलं, गाणाऱ्याने गाऊन ठेवलेलं आणि हा शुक्रवारच्या सुट्टीत साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये, भिंतींना गाद्या लावून, स्वतःची गिटार रेकॉर्ड करत बसायचा. राहिलं होतं फक्त सैन्य. एका गाण्यात राजाचं सैन्य बर्फावरून चाललेलं असतं, त्याला दहा-बारा पुरुषांचा एकत्र आवाज हवा. शब्द नाहीत, नुसतं ओ हो हो.

आता मला कसं निवडलं ते ऐका. मी वर पाइपांच्या रॅकवर, वॉकीटॉकी बंद पडलेला, म्हणून खाली क्रेनवाल्या तल्हाला हाक मारली, "तल्हाभाई, रुको." त्याची क्रेन थांबली ती थांबली, पलीकडच्या प्लॉटवरची पण थांबली. कॉम्प्रेसर चालू असताना, बरं का. युक्काने कानावरचे मफ काढले, वर बघितलं आणि म्हणाला, "यू. फ्रायडे. ब्रिंग फ्रेंड्स."

म्हणजे आवाज आवडला म्हणून बोलावलंन ना? मी गेलो, कॅम्पातले अकरा कोकणी आरतीवाले घेऊन. जुलै महिना. एसी बंद, का तर माइकमध्ये घरघर येते. बारा माणसं त्या डब्यात उकडतायत आणि गातायत काय, बर्फावरून सैन्य चाललंय! पहिल्याच ओ हो ला मशिनवर लाल दिवा लागला. युक्काचं बोट माझ्याकडे. "टू लाउड." आणि माइकसमोर कोणाला उभं केलंन? तुकारामला. ज्याच्या हातात गावात झांजसुद्धा देत नाहीत, त्या तुकारामला! आणि मला मागे, मागे, दारात, दाराबाहेर. सेहेचाळीस डिग्रीत. दार बोटभर उघडं ठेवलंन, मी तिथून गायचं. अरे, आवाज दिलाय तो काय खिशात ठेवायला?

मग म्हटलं, थांब, दाखवतो. शेवटचा सूर आला. आत युक्काने हात वर केला, सगळे गप्प. मला बाहेर कुठे दिसतोय त्याचा हात? मी ताणला. आरतीला ताणतो तसा, अकरा वर्षांचा साठलेला, अगदी डोळ्यांपुढे अंधारी येईस्तोवर... दार उघडलं, युक्का बाहेर आला. म्हणाला, "ओके." बस. पुढच्या महिन्यात गेला फिनलंडला. मी समजलो, कापलंन आपल्याला.

परवा शुक्रवारी फोनवर युक्काचं गाणं आलं. बायकोला फोन लावला, म्हटलं, शालन, ऐक जरा. स्पीकर चालू केला. गिटार पळाली, सैन्य आलं, सैन्य थांबलं... आणि लांबून, कुठून तरी मागून, एकटाच एक माणूस अजून हाक मारतोय. तोच शेवट गाण्याचा. कापला नव्हतान. तिकडून शालन म्हणाली, "अहो, हे तुम्ही ना? एवढा दम दुसऱ्या कोणाला आहे?"

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, थांब गो, पुन्हा लावतो, मोठ्याने लावतो...

"दौलतदादा, हळू."

पांघरुणातून. आता काय करायचं? तोही बिचारा रात्रभर बॉयलरपाशी उभा असतो. तिकडे बर्फात लोक माझा आवाज भिंती हादरवून ऐकत असतील. मी आपला हळू केला, मग बंद केला आणि ठेवला... खिशात.